काठीच्या टोकाला कप

सुपरमार्केटात दुधाच्या कपाटांपाशी एक मुलगी उभी होती. डोक्यावर कागदी टोपी, टोपीवर हसणारी गाय. इवल्याशा प्लास्टिकच्या कपांत चमचाभर स्ट्रॉबेरीचं दही घालून ती येणाऱ्याजाणाऱ्यांना चाखायला देत होती. "घ्या ना आजोबा, साखर अजिबात नाही," असं म्हणत तिनं एक कप एका म्हाताऱ्याच्या तोंडापाशी नेला आणि म्हाताऱ्यानं मान डावीकडे फिरवली. एवढंच घडलं. पण तीन पावलं मागं उभ्या असलेल्या ओतिलिया ब्रुनेत्तीचा उजवा हात आपोआप वर गेला, कोपरात सरळ झाला, आणि बोटं हातात नसलेल्या काठीभोवती आवळली. त्याच हाताच्या कोपरात तिची टोपली अडकवलेली होती. पाकातल्या पीचचे दोन डबे फरशीवर आपटून घरंगळत कपाटाखाली गेले. मुलीनं वाकून ते काढून दिले. "सेन्योरा, बरं वाटत नाहीये का? बसता का जरा? हे घ्या, दही घ्या थोडं." ओतिलियानं तो कप घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "साखर नाही, तर मग देतेस कशाला?" मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला. एका डब्याला पोचा आला होता, तो बदलून घ्यायला हवा होता. पण ओतिलियानं तोच घेतला आणि ती बाहेर पडली.

नोव्हेंबरातला, उन्हाळ्याच्या तोंडावरचा गुरुवार होता. सकाळचे दहा वाजले होते आणि रोसारिओ शहराचे फूटपाथ आत्ताच तापले होते. तिच्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. उद्या दुपारी बारापर्यंत त्यावर सही करून तो परत द्यायचा होता. सही केली की सोमवारी सेल्मोच्या, तिच्या धाकट्या भावाच्या, पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवणार होते. त्यानंतर त्याला जे काही द्यायचं ते नळीतून, तोंडाचा संबंध संपला. कागदाची भाषा तिला पाठ होती. गेली बावीस वर्षं ती एका सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होती आणि अशा कागदावरची 'शिफारस' ही ओळ तिनं स्वतः शेकडो लोकांसाठी भरली होती. रुग्ण अन्न नाकारतो. वजनात लक्षणीय घट. तोंडानं भरवण्याचे प्रयत्न निष्फळ. सेल्मोच्या कागदावरही हीच तीन वाक्यं होती, फक्त अक्षर दुसऱ्याचं होतं. तीन आठवड्यांत तो एकसष्ट किलोंवरून पंचावन्नावर आला होता. वाक्यांत खोटं काहीच नव्हतं. पहिल्या वाक्यातल्या 'नाकारतो' या शब्दापाशी मात्र ती काल रात्री आणि आज सकाळी थांबली होती, आणि आता बसच्या थांब्यावर पुन्हा थांबली होती. नाकारतो. म्हणजे त्याला कळतं. म्हणजे चमचा कोणाच्या हातात आहे हे त्याला कळतं, आणि म्हणून तो तोंड फिरवतो. सहा वर्षं आणि आठ महिने झाले, आणि तो पुन्हा तोंड फिरवतो.

बसमध्ये तिला खिडकीपाशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत पीचचे डबे, गिळताना ठसका लागू नये म्हणून पातळ पदार्थ घट्ट करायच्या पावडरीचा डबा आणि तिचा स्वतःचा चमचा. त्या चमच्याची कड बोथट होती, सेल्मोच्या दाताला लागायची नाही. पावडरीच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. पहिल्यांदा तो डबा हातात आला तेव्हा तिनं सवयीनं वाचले होते, आणि मग डबा उलटा करून ठेवला होता. मक्याच्या स्टार्चपासून केलेली तीच पिठूळ साखर, जी ती शर्यतीच्या दिवसांत किलोकिलोनं आणायची. सेल्मो त्या साखरेला खळ म्हणायचा. "आली माझी काडी, आली खळ घेऊन!" असं तो पोहण्याच्या क्लबच्या पायऱ्यांवरून ओरडायचा. ओतिलिया लहानपणापासून हडकुळी, म्हणून काडी. तो मात्र खांद्यांनी दार अडवणारा, ब्याऐंशी किलोंचा, एकतीस वर्षांचा, दिवसा सायकली दुरुस्त करणारा आणि पहाटे पाराना नदीच्या पाण्यात दोन तास घालवणारा माणूस होता. लहानपणी उजव्या कानाला दुखापत झाल्यामुळे त्या बाजूनं त्याला ऐकू येत नसे आणि तो श्वास फक्त डावीकडून घ्यायचा. त्यामुळे त्याचा डावा खांदा पाण्यात जरा वर असायचा, आणि लांबून शंभर जणांतही तो ओळखू यायचा.

नदीतल्या लांबच्या शर्यतीला प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक होडी असते. होडीत एक वल्हवणारा आणि एक खायला घालणारा. सहा-सात तास पाण्यात असलेल्या माणसाला खायला घालणं हे निम्मं काम असतं, आणि एका नियमामुळे ते अवघड होतं. पोहणाऱ्यानं होडीला हात लावायचा नाही, होडीतल्या माणसानं पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. लावला की शर्यतीतून बाद. म्हणून दोन मीटरच्या काठीच्या टोकाला तारेचं कडं असतं, कड्यात कप बसवतात आणि काठी पुढे करतात. शिट्टी वाजली की पोहणारा थांबतो, पाण्यात उभा राहतो, कप काढतो, पितो, कप फेकून देतो आणि पुन्हा आडवा होतो. वीस सेकंदांपेक्षा जास्त लागले तर खायला घालणारा वाईट. ओतिलियाला बारा सेकंद लागायचे. तिच्या आधी क्लबात हे काम म्हातारे लोक करायचे आणि त्यांचं शास्त्र त्यांच्या बापाकडून आलेलं होतं. शर्यतीच्या सकाळी मांसाचा जाड तुकडा, दोन अंडी, कोणी कोणी अर्धा ग्लास वाइनसुद्धा. नदीत थर्मासमधून गोड चहा आणि पाकातले पीच. सेल्मोसाठी त्याच्या जोडीला आईचा दूधभात. दालचिनी आणि लिंबाची साल घातलेला, मऊ शिजवलेला, इतका सैल की कपातून पिता यावा. दोन शर्यतींत सेल्मोला तिसाव्या किलोमीटरच्या आसपास उलट्या झाल्या होत्या. ओतिलियानं वही काढली. किती दूध, किती चरबी, पोटातून उतरायला किती वेळ. मग तिनं दूधभात बंद केला आणि त्याजागी पाण्यात कालवलेली ती साखर आणली.

ते तिनं स्वयंपाकघरात सांगितलं होतं. रविवार होता, आई ओट्यापाशी उभी होती, सेल्मो पावानं ताटातला रस्सा पुसून खात होता. "म्हणजे माझ्या भातानं पोराचं पोट बिघडतं," आई म्हणाली. "असं कोण म्हणतंय, आई? पाण्यात असताना रक्त सगळं हातापायांत असतं. पोटाला दूध झेपत नाही." "तुझे आजोबा हाच भात खाऊन इटलीहून आले." "बोटीनं आले ना, पोहत नाही आले." सेल्मो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तो म्हणाला, "काडे, तुझं सगळं बरोबर असेल. तू शिकलेली आहेस. पण पाच तास झाले की पाण्यात माणसाला काहीतरी घरचं लागतं गं. तोंडाला आठवण लागते. ती खळ तोंडात गेली की वाटतं, आता मला भिंतीला चिकटवणार." "चव महत्त्वाची की शर्यत?" "एक सांगून ठेवतो. त्या दिवशी वारा असेल, मी दमलेला असेन, आणि तू जर ती खळ पुढे केलीस, तर मी असं करीन." आणि त्यानं दोन्ही हात छातीशी बांधून, ओठ गच्च मिटून, मान ताठ डावीकडे फिरवली. औषध नको असलेल्या पोरासारखी. आईसुद्धा हसली. "मग मी काठीनं कान उपटीन," ओतिलिया म्हणाली. "हात लावलास की बाद!" तो म्हणाला.

त्या हसण्याची तिला आज बसमध्ये नेमकी लांबी आठवत होती. बाकी पुष्कळ गोष्टी पुसट झाल्या होत्या. त्या दिवशी आईनं कुठला एप्रन घातला होता, रेडिओ चालू होता का, काही नाही. पण मान फिरवण्याची ती नक्कल, मिटलेल्या ओठांच्या कडेला अडकलेलं हसू, हे तिच्या डोळ्यांसमोर असं होतं की हात लावता येईल. कारण पाच आठवड्यांनी, मार्चच्या शेवटच्या रविवारी, तिनं ती मान पुन्हा पाहिली होती.

सकाळी नदी शांत होती. लेदेस्मा वल्ह्यांवर होता. साठ उलटलेला सुतार, हाताचे पंजे फावड्याएवढे, आणि या नदीतला वाळूचा प्रत्येक दांडा त्याला ठाऊक. होडी नेहमीप्रमाणे सेल्मोच्या डावीकडे होती. दर वीस मिनिटांनी शिट्टी, काठी, कप. पहिले चार तास त्यानं सगळं घेतलं. नंतर तो अर्धं पिऊन अर्धं थुंकायला लागला. एकदा थुंकून हसला आणि ओरडला, "भिंत कुठाय?" तिनं वहीत लिहिलं, अर्धा कप. पुढच्या वेळी पुन्हा अर्धा कप. तिला ते दिसत होतं, तिनं ते मोजलं होतं, आणि आज वाटतं की मोजल्यामुळेच तिनं दुसरं काही केलं नाही. पाचव्या तासाला आकाश काळं झालं आणि आग्नेयेकडून वारा सुटला, थंड आणि आडवा. होडी डावीकडे, वाराही डावीकडूनच. प्रत्येक लाटेबरोबर होडी सेल्मोच्या अंगावर ढकलली जाऊ लागली. एक धक्का लागला असता तरी बाद. "उजवीकडे घ्या," ती म्हणाली. लेदेस्मानं वल्ही थांबवली. "त्याला सांगितलं?" बाजू बदलायची असेल तर पोहणाऱ्याला पाटीवर लिहून दाखवतात. मोठं अक्षर, एक बाण. हा जुना रिवाज. पाटी तिच्या पायापाशी होती. पण त्याच वेळी तिच्या एका हातात पावडरीचा डबा होता आणि दुसऱ्यात थर्मास, आणि वाऱ्यानं पावडर उडत होती. "सांगते," ती म्हणाली. लेदेस्मानं होडी सेल्मोच्या पायांमागून वळवून उजवीकडे आणली. ती पावडर मोजत होती.

शिट्टी वाजली. सेल्मो थांबला, पाण्यात उभा राहिला. तिनं उजवीकडून काठी पुढे केली, कप त्याच्या कानापासून दीड हातावर. आणि त्यानं मान डावीकडे फिरवली. ताठ. ओठ मिटलेले. ती हसलीच आधी. मग तिला राग आला. लेदेस्मा काहीतरी म्हणाला, वाऱ्यात ऐकू आलं नाही. काही सेकंदांनी सेल्मो पुन्हा आडवा झाला आणि पोहू लागला, आणि ती म्हणाली, "राहू दे उपाशी. पुढच्या वेळी मागेल." वीस मिनिटांनी पुन्हा शिट्टी. या वेळी तो थांबला तो खूप हळू. हात पाण्यात नुसतेच फिरत होते. पुन्हा मान डावीकडे. तिनं काठी धरून ठेवली. "सेल्मो! पुरे झाली चेष्टा!" त्याचा जबडा हलत होता, पण तो तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या मोकळ्या पाण्याकडे बघत होता, आणि त्याची मान थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा डावीकडे अशी होत होती. लेदेस्मा उठून उभा राहिला. "ओढू या का आत?" "हात लावू नका. चारच किलोमीटर राहिलेत. बाद होईल." तिच्या घड्याळाप्रमाणे चार मिनिटं तिनं ती काठी धरून ठेवली. दंड थरथरत होता. आपल्याला राग आलाय, म्हणून थरथरतोय, असं तिला वाटत होतं. मग सेल्मो आडवा झाला, सात-आठ हात मारले, आणि पुढचा हात वर आलाच नाही. लेदेस्मानं कपड्यांनिशी उडी टाकली.

यानंतर डॉक्टर म्हणाले होते की रक्तातली साखर खाली गेली होती, अंग गार पडलं होतं, त्यात पाणी छातीत गेलं आणि मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नाही. सगळे म्हणाले, नदी आहे, नदीत होतं. आई म्हणाली, देवाची मर्जी. ओतिलियाला कोणीच दोष दिला नाही आणि त्यामुळे तिला तिच्या बाजूनं काही बोलायची संधीच मिळाली नाही. तिची बाजू तिनं कोणाला न सांगता जपून ठेवली होती. मी कप पुढे केला होता. दोनदा केला. त्यानं घेतला नाही. ती त्याची चेष्टा होती आणि चेष्टा संपायच्या आत त्याचं भान गेलं. या वाक्यांना धरून ती सहा वर्षं कामाला गेली, लोकांचे आहाराचे तक्ते केले, क्लबातल्या मुलामुलींनी विचारलं तर शर्यतीआधी काय खावं ते नीट सांगितलं. भात खा, केळं खा, जे घरी पचतं तेच पाण्यात घ्या. ते सांगताना तिच्या आवाजात काही नसायचं.

पहिली पाच वर्षं आई सेल्मोला भरवायची. रोज दुपारी डब्यात दूधभात, चाळणीतून काढलेला, पावडर घालून घट्ट केलेला. तो बोलत नसे, डोळे कुठेतरी असत, पण तोंड उघडायचा. आई गेल्यावर ओतिलिया यायला लागली आणि तिच्या हातूनही तो खायचा, सावकाश, पण खायचा. सेल्मोला ठेवलं होतं त्या सेवाश्रमातली चौथ्या नंबरची खोली अंधारी होती, खिडकी जिन्यात उघडणारी. ओतिलियानं तीन महिने अर्ज केले, विनवण्या केल्या, आणि नऊ नंबरची खोली मिळवली. मोठी खिडकी, खिडकीबाहेर नीलमोहर, आणि नोव्हेंबरात तो नुसता निळा पेटलेला. पलंग खिडकीला अगदी टेकवून लावून घेतला, त्याला झाड दिसावं म्हणून. त्याच आठवड्यापासून त्यानं खाणं सोडलं. चमचा आला की मान खिडकीकडे. "झाडाचं वेड लागलंय त्याला," नर्स एदिथ म्हणायची. डॉक्टर बारेरा म्हणाल्या, अशा रुग्णांत हे कधी ना कधी येतं, ते आतून मिटायला लागतात.

बस थांबली तेव्हा अकरा वाजून गेले होते. सेवाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिनं पोचा आलेला डबा उघडला, पीच चाळणीतून दाबून काढले, पाकात पावडर ढवळली. वाटी उलटी केली तरी पडणार नाही इतकं घट्ट होईपर्यंत. डॉक्टर बारेरा दारात येऊन उभ्या राहिल्या. तरुण बाई होती, थकलेली. "कागद आणलात?" "उद्या बारापर्यंत आहे ना?" "आहे. ओतिलिया, मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही मला शिकवाल. तुमच्या रुग्णालयात असा माणूस असता तर तुम्ही काय लिहिलं असतंत?" ओतिलियानं चमचा वाटीच्या काठावर ठोकला. "हेच लिहिलं असतं," ती म्हणाली. "मग?" "मी लिहिलेलं आजवर कधी माझ्याच हातात आलं नव्हतं."

नऊ नंबरमध्ये साबणाचा वास होता. गुरुवार म्हणजे लेदेस्माचा दिवस. तो दर गुरुवारी येऊन सेल्मोची दाढी करायचा. पहिल्या वर्षापासून, कोणी न सांगता. त्या दिवसाबद्दल तो आणि ओतिलिया कधी बोलले नव्हते. बोलणं म्हणजे फुटबॉल, लाकडाचे भाव, नदी किती चढली. आता तो पलंगाच्या उजव्या बाजूला वाकून उभा होता, एका हातात वस्तरा, दुसरा हात सेल्मोच्या हनुवटीखाली, आणि सेल्मोची मान खिडकीकडे. एदिथ तांब्या धरून होती. "अरे बाबा, फिर की इकडे," लेदेस्मा कुरकुरत होता. "पोरींना तोंड दाखवायचंय की नाही? तीन आठवडे झाले, मी याच्या कानाचीच दाढी करतोय." "झाड बघतोय तो," एदिथ म्हणाली. "झाड कसलं! चौथ्या नंबरात साबण लावला की गाल आपण होऊन पुढे करायचा. हा पलंग लावलाय कुणी असा? होडी धक्क्याला लावताना चढायची बाजू धक्क्याकडे ठेवतात, का पाण्याकडे? इथं माणसाची चढायची बाजू भिंतीला आणि आपण सगळे पाण्यात उभे." एदिथ हसली. "तुम्हाला सगळीकडे होडीच दिसते."

ओतिलियानं वाटी टेबलावर ठेवली. उजव्या बाजूला खुर्ची होती, गेले तीन आठवडे ती जिथे बसत होती ती. तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग सेल्मोच्या मानेकडे. ताठ. ओठ मिटलेले. मान थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा डावीकडे. "एदिथ," ती म्हणाली, "चौथ्या नंबरात खुर्ची कुठल्या बाजूला होती?" "कुठल्या म्हणजे?" एदिथनं हातानं हवेत खोली मांडून पाहिली. "दार इकडे, कपाट तिकडे... त्याच्या डाव्या हाताला. तुमच्या आई तिथेच बसायच्या. नंतर तुम्हीसुद्धा. का हो?"

लेदेस्माचा वस्तरा गालापासून दोन बोटांवर थांबला. त्यानं तो टॉवेलला पुसला, मिटला, खिशात ठेवला. अर्धा गाल साबणाचाच राहिला.  मग तो म्हणाला, "वारा डावीकडून होता."

"हो," ती म्हणाली.

"मी विचारलं होतं."

"तुम्ही विचारलं होतं. त्याला सांगितलं का, म्हणून."

एदिथ एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. लेदेस्मा खाली वाकला आणि पलंगाच्या चाकांचे खटके पायानं उघडू लागला. "अहो, डॉक्टरांना विचारायला पाहिजे," एदिथ म्हणाली. "विचारा," तो म्हणाला आणि त्यानं पलंगाचं डोकं धरून ओढलं. एक चाक जाम होतं, ते फरशीवर करकरत आलं. भिंत आणि पलंग यांच्यामध्ये दीड वितीची फट झाली. आणखी ओढायला जागा नव्हती, पलीकडे कपाट होतं. ओतिलिया वाटी घेऊन अंग तिरकं करत त्या फटीत शिरली. पाठीला खिडकीची तापलेली काच, पोटाला पलंगाची लोखंडी कड. दुसरं कोणी मावलं नसतं.

आता त्याचा चेहरा तिच्यासमोर होता. तीन आठवड्यांत तिनं तो पुरता पाहिलाच नव्हता. कान आणि गालाचं हाड, एवढंच तिच्या वाट्याला येत होतं. डोळ्यांखाली खळगे पडले होते. डोळे आधी तिच्यामागच्या निळ्या झाडावर होते, किंवा कशावरच नव्हते. मग ते हलले, तिच्या खांद्यापर्यंत आले, हातापर्यंत आले, आणि थांबले. शिट्टी वाजवायला घ्यावा तसा श्वास तिनं घेतला होता, तो तिनं सोडला. "सेल्मो," ती म्हणाली. "ही मी. काडी." तिनं चमचा पुढे केला. तारेचं कडं नाही, काठी नाही, फक्त हाताची लांबी. त्याचे ओठ ओढले गेले, सुटले, आणि तोंड उघडलं.

पहिल्या घासाला ती ठसक्याची वाट बघत राहिली. गळ्याची गाठ वर गेली, थबकली, खाली आली. ठसका आला नाही. दुसरा घास. तिसरा. पाकाचा एक ओघळ साबणाच्या फेसात उतरला, तो तिनं बोटानं पुसला. बोटाला त्याची हनुवटी लागली, खरखरीत, कोमट. तिनं बोट काढलं नाही. एदिथ केव्हातरी डॉक्टरांना बोलवायला पळाली होती, तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर दूर गेला. लेदेस्मा पलंगाच्या पायथ्याशी दोन्ही हात दांडीवर ठेवून उभा होता, होडी लाटेत धरून ठेवावी तसा, आणि त्याचे खांदे हलत होते. ती मोजत नव्हती, पण बावीस वर्षांची सवय मोजत होती. नऊ घास. दहा.

वाटी निम्मी झाली तेव्हा तिनं प्रथमच त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. उजव्या बाजूला खुर्ची तशीच होती, रिकामी, पलंगाकडे तोंड करून, जरा पुढे सरकवलेली. तिथून त्याचा चेहरा दिसत नाही. तिथून नुसता कान दिसतो, आणि डावीकडे होडी शोधत फिरलेली मान. सेल्मोनं पुन्हा तोंड उघडलं होतं आणि तो वाट बघत होता.  चमचा सांडू नये म्हणून तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो तेव्हा हसत होता.